चौथीचं तिसरं पान

फेटरीला, काटोल रोडवरून आत वळलं की
पंचफुलाबाई धकातेंच्या न्हाणीमागं
सांडपाण्यावर पोसलेल्या सात केळी.
त्यातल्या चौथीचं तिसरं पान
वाळून, देठात मोडून खाली लोंबलेलं,
विडीसारखं वळलेलं.
त्यात ती झोपते.

मी सरांच्या शिडीचा पाय दाबून उभा होतो.
पस्तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
बेडकांना मेणावर टाचण्या मारल्या,
फॉर्मॅलिननं बोटांची सालं गेली,
अन् बरणीतला प्रत्येक जीव शेवटी
एकाच रंगाचा होतो हे मला पाठ होतं:
जुन्या चहागाळणीचा.
म्हणून हा रंग दिसला
तशी माझ्या हातून शिडी सुटली.
सर वरून काय ओरडले ते इथं लिहीत नाही.

संत्र्याचा म्हणू नका.
नागपुरात कशालाही संत्र्याचा म्हणायची
खोडच आहे आपल्याला.
हा त्या लाकडाचा रंग, जे विझलं समजून
बाई चुलीपासून उठते
आणि पदराच्या वाऱ्यानं ते पुन्हा डोळा उघडतं.
पंखावर काळे पडदे,
बोटांच्या काड्यांवरून शेंदराचे ओघळ.
वजन पाच ग्रॅम.
चमचाभर साखर.

"चामचिडीच ना बाप्पा ती?
पोरीला पाहाले पाहुणे येऊन राहिले रविवारी,
सासू म्हणते मागचा कचरा काढ,
अन् तुम्ही म्हणता पान तोडू नका!"
सर म्हणाले, बाई, ती दुर्मीळ आहे.
"दुर्मीळ म्हंजे?"
म्हणजे फार थोड्या लोकांना दिसते.
"मंग तं आमची न्हाणीबी दुर्मीळच आहे जी.
सरपंचाले आजवर दिसली नाही."

अंधारलं तसं सरांनी खोकं लावलं.
तिचं बोलणं आपल्या कानाच्या वरून जातं,
खोकं ते खाली ओढून आणतं:
टक्. टक्. टकटकटक.
कढईत मोहरी तडतडावी तसं.
ती पानातून निघाली, न्हाणीवर एक गिरकी,
आणि गोरेवाड्याच्या अंगाला गेली.

माझा डावा कान गेला त्याला सहा वर्षं झाली.
आधी बारीक आवाज गेले,
रातकिडे, सायकलच्या चाकाची कुरकुर,
मग शब्दांतले स आणि श.
कुमुद शेवटी शेवटी फार बारीक बोलायची.
रात्री दोन-तीनला काहीतरी सांगायची
आणि मी अंधारात म्हणायचो, हो, हो.
कशाला हो म्हणालो
ते अजून ठाऊक नाही.

खोक्याला हेडफोन होता.
सरांनी तो माझ्या उजव्या कानाला लावला,
मी बराच वेळ काढला नाही.
जंगलाच्या बाजूनं
आता काही येत नव्हतं तरी.

रविवारी पंचफुलाबाईंनी
जुनं हिरवं लुगडं तारेवर आडवं टाकलं,
पाहुण्यांना केळी दिसल्याच नाहीत.
पोर पसंत पडली.
पुढच्या गुरुवारी वावटळ सुटली, पान देठासकट गेलं.
मी रजिस्टरात लिहिलं:
झाड चार, पान तीन. रिकामं.
सर म्हणाले, जागा बदलत असते ती, वाट बघू.
मग त्यांना पुण्याला मीटिंग होती.

काल दुपारी फोन वाजला.
"पाचवीचं एक पान वाळून, वळून राहिलं.
त्यात काही हाय का नाही मले समजत नाही.
ठेवू का तोडू?"

फोन डाव्या कानाला होता.
मी तो उजवीकडं घेतला.
म्हटलं, बाई, पुन्हा सांगा.
सावकाश सांगा.